दोरीच्या टोकाचा हात

अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये, हाताच्या पाठीवर, मांसाचा एक लहानसा उंचवटा असतो. चिमटीत काही धरलं की तो फुगतो, सोडलं की बसतो. पडद्यावर मोठ्या केलेल्या फोटोत तो उंचवटा नव्हता. त्याच्या जागी एक उथळ खळगा होता, आणि ऊन डावीकडून, खूप खालून आलेलं असल्यामुळे त्या खळग्यात सावली साचली होती. त्या हाताच्या चिमटीत दोरी होती, ताणलेली होती, म्हणजे उंचवटा असायलाच हवा होता. विशाखाने माउस सोडला आणि स्वतःच्या उजव्या हाताची चिमूट करून डाव्या बोटाने तिथे दाबून पाहिलं. मांस टणक लागलं. तिने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. फोटो एका लॅब्राडोरचा होता, लातूरच्या बाहेर हरभऱ्याच्या शेताच्या बांधावर उभा असलेला, कान पुढे, डोळ्यांत आभाळाचा पांढरा ठिपका बरोबर जिथे हवा तिथे. फोटो चांगला आला होता. दोरी आणि हात खोडायचे तेवढे बाकी होते.

हे तिचं रोजचं काम होतं. उघड्या रानात कुत्रा मोकळा सोडता येत नाही, आणि दोरी दिसली की फोटो बिघडतो. म्हणून दोरी असायची, दोरीच्या टोकाला तिचा नवरा मल्लिकार्जुन उकिडवा बसलेला असायचा, चौकटीच्या कडेला त्याचा हात मनगटापर्यंत यायचा, आणि घरी आल्यावर ती शेजारचं गवत उचलून त्या हातावर पसरायची. गवताची पाती जुळवायची, सावलीची दिशा जुळवायची. मग त्या मोठ्या आभाळाखाली कुत्रा एकटाच उभा दिसायचा, कुणाचाच नसल्यासारखा. लोक विचारायचे, इतका शांत मोकळा कसा उभा राहतो हो? मल्लिकार्जुन सांगायचा, "मॅडम मला रोज खोडतात, अन् रात्री परत ताट वाढतात. संसार असाच चाललाय." लोक हसायचे. तीही हसायची. त्या दिवशी तिने नेहमीसारखंच गवत उचललं, हातावर ठेवलं, पाती जुळवली. दोन बोटं गेली, अंगठा गेला, खळगा गेला. फोटो पाठवून दिला. कुत्र्याच्या मालकिणीचा, उज्वलाताईंचा, लगेच निरोप आला की फार जिवंत वाटतोय.

विशाखा पदार्थविज्ञान शिकलेली. तासिका तत्त्वावर काही वर्षं अकरावी-बारावीला शिकवलेलं. प्रयोगवहीत निरीक्षण आणि निष्कर्ष यांच्यामध्ये एक रेघ मारायची असते आणि रेघेच्या वरचं खाली आणायची घाई करायची नसते, हे ती मुलांना सांगायची. म्हणून तिने स्वतःलाही तेच सांगितलं. तिरप्या उजेडात पृष्ठभाग आहे त्याहून खडबडीत दिसतो. अष्टमीच्या चंद्रावर खड्डे उठून दिसतात, पौर्णिमेला दिसत नाहीत. चंद्र तोच असतो. हात वळलेला असेल. थंडीने आखडला असेल. मग तिने जुने, न खोडलेले फोटो उघडले. पावसाळ्यात नांदेडला गोदावरीच्या काठावर काढलेले होते, पण ढगाळ उजेड सगळीकडून सारखा येतो, त्यात काहीच कळेना. त्याआधीच्या उन्हाळ्यातले उघडले. कडक ऊन होतं, तिरपंही होतं, आणि त्यात मल्लिकार्जुनचा हात भरलेला होता, उंचवटा पेरूच्या फोडीसारखा वर आलेला. ती त्या हाताकडे बराच वेळ बघत राहिली. आपण हा हात रोज बघतो आणि तो कधी पाहिलाच नाही, खोडण्यापुरताच पाहिला, असं तिला वाटलं, आणि तिने संगणक बंद केला.

तिला तो खळगा माहीत होता. औशाला, सासऱ्यांच्या हातावर, तिने तो लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत पाहिला होता. रामलिंगअप्पांचं बाजारपेठेत कापडाचं दुकान. लोखंडी गजाने कापड मोजायचं, कात्रीने कडेला एक चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी कापड टर्रकन फाडायचं. त्या आवाजावरून गल्लीत कळायचं की गिऱ्हाईक पटलं. त्या दिवाळीत कापड फाटेना. अप्पा हसून म्हणाले, "माल चांगला हाय, फाटंना." दुसऱ्या ताग्यालाही तेच म्हणाले. थोरले दीर नागप्पा कात्री घेऊन पुढे झाले. पुढे सोलापूरला नेलं, तिथल्या एका डॉक्टरांनी अप्पांना समोर बसवून, पाठीवर हात ठेवून, सगळं नीट समजावून सांगितलं. हातापासून सुरू झालंय, वर चढेल, मग गिळणं, मग श्वास. औषध नाही. बुद्धी शेवटपर्यंत शाबूत राहील. हे शेवटचं ते दिलासा दिल्यासारखं म्हणाले. अप्पा दुसऱ्या दिवसापासून दुकानात गेले नाहीत. त्या दिवशी त्यांना चालता येत होतं, जेवता येत होतं, हिशोब येत होता. तरी गेले नाहीत. माजघरात भिंतीकडे तोंड करून बसले ते बसलेच.

अप्पांच्या तिसऱ्याच्या दिवशी मल्लिकार्जुन तिला मागच्या अंगणात घेऊन गेला होता. तो म्हणाला, "अप्पा परवा न्हाई गेले. गेले ते सोलापूरलाच. त्या डॉक्टरनं सांगितलं नसतं तर वर्षभर दुकानात बसले असते, कापड फाटत न्हाई म्हणून नागूला शिव्या देत." डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की हे बहुतेक वेळा घराण्यात उतरत नाही, पण कधी कधी उतरतं, मुलांकडे लक्ष ठेवा. मल्लिकार्जुन पाण्याच्या टाकीच्या काठावर बोट फिरवत होता. "मला झालं तर मला सांगू नको, विशाखा. तुला माझ्याआधी दिसंल, तुझी नजरच तशी हाय. पण सांगू नको. मला कळंल तवा कळंल." ती हो म्हणाली. घरात मयत झालेलं असताना माणूस कशालाही हो म्हणतो. त्या होकाराला काही वजन असेल असं तिला वाटलं नव्हतं. आणि आता सकाळी चहा गाळताना, पायमोज्यांच्या घड्या करताना, तो होकार तिच्या जिभेवर गार गोटीसारखा पडून असायचा.

संक्रांत गेली. ती बघू लागली. बघायचं नाही असं ठरवून बघू लागली, जसं शेजारच्या घरातलं भांडण न ऐकायचं ठरवून ऐकलं जातं. तो शर्टाची वरची बटणं लावेनासा झाला होता, उकडतं म्हणायचा, माघात. आंघोळीनंतरची पूजा तो पूर्वी स्वयंपाकघराच्या दारातच बसून करायचा, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळव्यावर घेऊन, तिच्याशी बोलत बोलत, उजव्या हाताच्या तीन बोटांनी कपाळावर भस्माचे पट्टे ओढायचा. आता आतल्या खोलीचं दार लोटून घेऊ लागला होता. बाहेर यायचा तेव्हा पट्टे सरळ असायचे, पण त्याला वेळ लागायचा. एकदा ते औशाला गेले. सासूबाईंनी, शरणम्मांनी, भाकरी थापता थापता वर पाहिलं आणि म्हणाल्या, "मल्लू बारीक दिसायलाय गं." विशाखा म्हणाली, "उन्हात फिरतात ना हे, आई." शरणम्मांनी भाकरी तव्यावर टाकली आणि पाणी फिरवलं. ती भाकरी करपली. त्या घरात भाकरी करपत नसे.

एका गोष्टीपाशी तिचा विचार रोज येऊन थांबायचा. सांगून काय होणार? काहीच नाही. औषध तेव्हा नव्हतं, आताही नाही. तपासणी म्हणजे सुया, तारा, आलेख, आणि शेवटी एका माणसाने समोर बसवून हळू आवाजात सांगणं. न सांगितलं तर तो दोरी धरेल, कुत्र्यांपुढे तोंड फिरवून जांभई देईल, म्हणजे ती शांत होतात. हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. न सांगणं हे प्रेम आहे, असं ती सकाळी म्हणायची. दुपारपर्यंत तिला वाटायचं की हा नुसता भित्रेपणा आहे आणि मी त्याला प्रेमाचं नाव देतेय. संध्याकाळी उजेड चांगला असायचा, काम असायचं.

शिवरात्रीच्या आधी उमरीजवळच्या एका शेतावरून बोलावणं आलं. किशनराव तिथले जुने शेतकरी, आणि त्यांच्याकडे कारवान जातीचा कुत्रा होता, तुफान नावाचा. उंच, पोट खपाटीला गेलेलं, छाती खोल, सशामागे धावण्यासाठीच जन्मलेला. आता वय होत आलं म्हणून फोटो हवा होता. शेत भोकरच्या रस्त्याला लागून होतं. हरभरा निघाला होता, करडई उभी होती, आणि चारनंतर करडईच्या फुलांवर असा उजेड उतरू लागला की विशाखाला क्षणभर बाकी सगळ्याचा विसर पडला. किशनरावांची आई, धोंडाबाई, बाजेवर पाय सोडून बसली होती.

"माझा फटू आजवर कुनी काढला न्हाई," ती म्हणाली. "मेल्यावर भिताडाला लावायला बी एक न्हाई. अन् कुत्र्याला फटूवाली पार लातूरहून."

"आई, तू एका जागी बसतीस का?" किशनराव म्हणाले. "तुफान बसतो."

"मला बी लावा मग दोरी."

"लावतो की आज्जी," मल्लिकार्जुन म्हणाला, "पर मॅडम नंतर खोडून टाकत्यात. दोरी बी अन् धरणाऱ्याला बी."

"धरणाऱ्याला बी?" धोंडाबाईने विशाखाकडे पाहिलं. "लई पोचलेली हायस गं तू."

सगळे हसले. मल्लिकार्जुन तुफानपाशी उकिडवा बसला, तोंड फिरवलं, जांभई दिली. कुत्र्याने मान खाली केली, मग त्याच्या गुडघ्याला नाक लावलं. विशाखा पोटावर आडवी झाली, डोळा कॅमेऱ्याला लावला. करडईची पिवळी पट्टी मागे विरघळली. तुफानच्या डोळ्यात आभाळ आलं. सगळं बरोबर होतं, फक्त कुत्र्याच्या बरगड्यांवर एक जाड, वेडीवाकडी सावली पडत होती. तिने पाहिलं: दोरीचे वेढे. मल्लिकार्जुनने दोरी मनगटाभोवती गुंडाळली होती आणि त्या गुंडाळीची सावली नेमकी केसांवर येत होती. केसांवरची सावली खोडणं फार अवघड असतं, गवतासारखं तिथे दुसरे केस आणून ठेवता येत नाहीत. म्हणून ती म्हणाली, जसं शेकडो वेळा म्हणाली असेल, डोळा कॅमेऱ्यापासून न काढता म्हणाली, "वेढे सोड. चिमटीत धर फक्त. सावली पडतेय."

तो लगेच हलला नाही. तिने डोळा काढून पाहिलं. तो तिच्याकडे बघत होता, रागाने नाही, कसल्याही भावनेने नाही. कुणी काही विचारलं असावं आणि त्याला उत्तर येत असून देता येऊ नये तसा. मग त्याने डाव्या हाताने उजव्या मनगटावरचे वेढे एक एक सोडवले. दोरी चिमटीत धरली. बरगड्यांवरची सावली गेली. "असं?" तो म्हणाला. "असंच," ती म्हणाली, आणि म्हणत असतानाच तिला कळलं की तो वेढे का घालत होता, कधीपासून घालत असेल, आणि आपण आत्ता त्याच्याकडून काय सोडवून घेतलं. तोंड उघडायला तिला वेळ होता. वेळ होता हे तिला पुढे सतत आठवणार होतं. तिने डोळा कॅमेऱ्याला लावला.

ससा करडईच्या कडेतून निघाला. आवाज असा काहीच झाला नाही. तुफान जागेवरून नाहीसा झाला, एवढंच. ती कॅमेरा त्याच्यामागे फिरवत गेली, बोट दाबलेलंच राहिलं, आणि त्या छोट्या चौकोनात तिला दिसलं की चारही पाय जमिनीवरून उचललेले आहेत, मान ताणलेली आहे, दोरी मागे हवेत लहरतेय आणि दोरीचं टोक मोकळं आहे. मग चौकोनात बांध आला, मग डांबर, मग लाल रंग. भोकरकडून एस.टी. येत होती. ब्रेकचा आवाज शेतभर चिरत गेला. गाडी मध्ये आली आणि पलीकडचं काही दिसेना. किशनराव धावत होते, त्यांचं धोतर सुटत होतं. विशाखा पोटावरच पडून राहिली. माती तिच्या हनुवटीला लागत होती, त्या मातीला हरभऱ्याच्या आंबेचा आंबट वास होता, हे तिला स्वच्छ कळत होतं. गाडी पुढे सरकली. पलीकडच्या रानात तुफान उभा होता, जीभ बाहेर, ससा हरवून बसलेला, जरासा ओशाळलेला.

किशनराव त्याला घेऊन आले तेव्हा धापा टाकत होते. भला माणूस, मनातलं मनात ठेवायचा प्रयत्न केला, पण घाबरलेला माणूस काहीतरी बोलतोच. "पाव्हणं," ते म्हणाले, "हातात जोर न्हाई का काय?"

"कुठून येतोय जोर," धोंडाबाई बाजेवरून म्हणाली. "बायकू कुत्र्याच्या मागं. त्याला वेळेला जेवाय कोन घालतंय."

शेतावरच्या गड्यांपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं. मल्लिकार्जुनही हसला. "दोरी घसरडी हाय, आज्जी," तो म्हणाला, आणि उजवा हात खिशात घातला. विशाखाने त्याचं हसणं पाहिलं. ते हसणं तिने पूर्वी पाहिलं होतं, कापड फाटंना म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडावर.

नंतर थोडे फोटो काढले, गळपट्टा किशनरावांनी स्वतः धरला. उजेड गेला होता. निघताना गाडीत तिने कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर धावण्याचा तो एक फोटो पाहिला. तिने आजवर काढलेल्या फोटोंमधला तो सगळ्यात चांगला होता, यात शंका नव्हती. त्यात हात नव्हता. कडेला गवत पसरण्याची गरज नव्हती. तिने काच विझवली.

नांदेड मागे पडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी रानं आणि मधूनमधून पाण्याच्या टाक्या. मल्लिकार्जुन बोलत होता. नवीन दोरी घ्यायला हवी, जाडसर, सुताची. नायलॉन उन्हाळ्यात हाताला घसरतं. ती हं म्हणाली. उज्वलाताईंचा लॅब्राडोर आठवतो का, किती ओढायचा, तेव्हाही दोरी अशीच होती. ती हं म्हणाली. तो आणखी बोलत राहिला, दोरीबद्दलच, आणि तिला हळूहळू उमगलं की तो तिला समजावत नाहीये; तो तिला सांभाळतोय. त्याला माहीत आहे. त्याला कधीचं माहीत आहे. दार लोटून पूजा करताना, वरची बटणं सोडून देताना, वेढे घालताना. तिने दिलेला शब्द ती त्याच्यासाठी पाळत होती आणि तोच शब्द तो तिच्यासाठी पाळत होता, एकाच घरात, एकाच ताटाशी, समोरासमोर. औशाच्या माजघरात शेवटच्या दिवसांत अप्पांची वाचा गेली होती तेव्हा सगळं घर स्वयंपाकघरात कुजबुजायचं आणि त्यांच्या खोलीत आलं की पावसापाण्याचं बोलायचं. अप्पा तेव्हा भिंतीकडे तोंड करत नसत. ते येणाऱ्या प्रत्येकाच्या ओठांकडे बघत. ती त्यांना पेज भरवायची तेव्हा तिच्याही ओठांकडे बघत. मल्लिकार्जुनला ते अंगणात आठवलं नव्हतं, त्याला फक्त सोलापूर आठवलं होतं. तिला आठवत होतं. इतकी वर्षं तिला ते आठवत होतं आणि तिने त्याचा काही निष्कर्ष काढला नव्हता.

लोह्याला ते चहाला थांबले. टपरीवर दिवे लागले होते. चहावाल्याने मल्लिकार्जुनला विचारलं, "कुठून आलात साहेब?" तो म्हणाला, "उमरीहून. सशाच्या शिकारीला गेलतो." "मिळाला?" "न्हाई. सुटला." चहावाला हसला आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळला. चहा गोड होता, नुसता गोड. दोघांनी तो उभ्यानेच संपवला.

गाडीत बसल्यावर ती खिडकीकडे वळली, रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॅक्टरचे दिवे बघत असल्यासारखी. काचेत तिला आतलं दिसत होतं. मल्लिकार्जुनने उजव्या हाताने किल्ली लावली. फिरवायला गेला. किल्ली फिरली नाही. त्याने तिच्याकडे पाहिलं, ती बाहेर बघतेय याची खात्री केली, मग अंग वळवून डावा हात चाकाखालून पलीकडे नेला आणि त्या हाताने किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. तो सरळ झाला, घसा साफ केला, आणि म्हणाला, "चला. दोन तासांत घरी."

"गाडी बंद कर," विशाखा म्हणाली.

"का? काय राहिलं?"

"बंद कर, मल्लू."

त्याने गाडी बंद केली नाही. दोन्ही हात चाकावर ठेवले आणि समोर बघत राहिला. इंजिनाने सगळी गाडी बारीक थरथरत होती. तिला दिसत होतं की तो थांबलाय. पुढचं वाक्य येऊ नये म्हणून नाही, आणि यावं म्हणूनही नाही. नुसता थांबलाय, कुत्र्यांपाशी थांबतो तसा, तोंड किंचित वळवून. हे बोलल्यावर काही बरं होणार नव्हतं. उद्याचा दिवस आजच्याहून वाईट होणार होता, आणि परवाचा त्याहून. हे सगळं तिला माहीत होतं आणि तिने त्यातलं काहीही प्रयोगवहीतल्या त्या रेघेच्या वर राहू दिलं नाही.

"मी तुला शब्द दिला होता," ती म्हणाली. "तो मी आता मोडतेय. तुझा हात मला संक्रांतीच्या आधीपासून दिसतोय, आणि तुलाही दिसतोय. सोमवारी आपण हैदराबादला जायचं, तपासायला. ते जे सांगतील ते तू एकट्याने ऐकायचं नाही अन् मी एकटीने ऐकायचं नाही."